आहेरातलं घड्याळ

"आई, संध्याकाळी आपल्याकडे कोण येतं गं?"

केदारने नेदरलँड्समधून फोन करून हे विचारलं, तेव्हा रोहिणी खैरनार गिलकी चिरत होत्या. त्यांना वाटलं, पोरगं गंमत करतंय. नाशकात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे संध्याकाळी येऊन येऊन येणार कोण?

"डास येतात," त्या म्हणाल्या. "का रे?"

"सहजच. म्हणजे कुणी येत असेल तर येऊ दे. माझी काही हरकत नाही. उलट बरंच आहे."

"काय बरं आहे?"

"काही नाही गं. जेवतेस ना वेळेवर? जेवतेसच म्हणा. चल, मीटिंग आहे."

आणि फोन बंद. रोहिणीबाई हातातल्या गिलक्याकडे बघत बसल्या. हे असं वैशाखापासून चाललं होतं. त्याआधी केदारचा रविवारचा फोन तासभर चालायचा. औषध घेतलंस का, बीपी बघितलंस का, चक्कर येते का, नुसता भंडावून सोडायचा. त्याचे वडील ह्याच घरात गेले होते. रोहिणीबाई भाजी आणायला बाहेर, आणि ते एकटे जमिनीवर पडलेले. ती भीती पोराच्या मनात घर करून बसली होती, हे त्यांना कळत होतं. पण वैशाखानंतर त्याने विचारणंच सोडलं. आता तो स्वतःच सांगायचा, "तू मजेत आहेस, मला माहितीये."

श्रावणात रोहिणीबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. कमरेला मुका मार बसला, आठवडाभर अंथरूण सुटलं नाही. बाई मोठ्या मानी. उज्ज्वलाला, म्हणजे शाळेपासूनच्या मैत्रिणीलासुद्धा, त्यांनी "सर्दी झालीय" एवढंच सांगितलं. केदारने विचारलं तर मात्र खरं सांगायचं, असं ठरवून त्या रविवारची वाट बघत होत्या. फोन आला. केदार म्हणाला, "आज स्वारी एकदम खुशीत दिसतेय!" इकडे ह्यांना कूस बदलता येत नव्हती. त्यांनी "हो रे बाबा, खुशीत आहे" म्हणून फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

आता ह्यातली मेख सांगायची तर आधी रोहिणीबाईंचं कपाट उघडावं लागेल. तुमच्या आईच्या किंवा सासूच्या कपाटातही असा एक कप्पा असणार, नाही म्हणू नका. आलेली भेटवस्तू चांगली दिसली की ती वापरायची नाही. "राहू दे, कुणाला तरी द्यायला होईल." मग तिथे चहाचे कप, चांदीचा मुलामा दिलेले करंडे, फोटोफ्रेमा, सगळं आपापल्या खोक्यात, आपापल्या चकचकीत कागदात मुक्कामाला. कुणाचं लग्न निघालं, कुणाची वास्तुशांत निघाली की एकेक वस्तू बाहेर पडते. नाशकातले काही डिनर सेट असे दहा घरं फिरून आलेत आणि त्यांत अजून कुणी घासभर जेवलेलं नाही.

केदारने वाढदिवसाला पाठवलेलं घड्याळ ह्याच कप्प्यात गेलं. सुरेख होतं, लाकडी चौकटीचं, मोठ्या काचेचं. पण घरात दोन घड्याळं आधीच चालू होती. वैशाखात उज्ज्वला गायधनींनी मुलाचं घर सोडून स्वतःचं छोटं घर घेतलं, त्याची वास्तुशांत निघाली. मैत्रिणीला साधंसुधं काय द्यायचं? घड्याळ निघालं. आणि केदारने विचारलं, "लावलंस ना गं?" तेव्हा रोहिणीबाई म्हणाल्या, "लावलं तर! भिंत कशी भरल्यासारखी दिसतेय." पोराचं मन कशाला मोडा?

केदारने विश्वास ठेवला. कारण त्याच आठवड्यात घड्याळ खरोखरच जागं झालं होतं.

*

"रोहिणी, ताबडतोब ये," उज्ज्वलाबाईंचा फोन आला तो दिवाळी संपता संपता. "माझ्या घरात डोळा निघालाय."

रोहिणीबाई रिक्षा करून पोचल्या. उज्ज्वलाबाई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. टेबलावर घड्याळ पालथं पडलं होतं, आणि समोर गृहदृष्टी कार्यालयाच्या तपासनीस, अल्फिया तडवी, हातातलं यंत्र पिशवीत ठेवत होत्या. लिफ्टची तपासणी होते, पाण्याच्या टाकीची होते, तशी आता प्रत्येक इमारतीत वर्षाकाठी नजरेचीही तपासणी होत असे. कायदाच होता तसा.

"कुठेय कॅमेरा?" रोहिणीबाईंनी विचारलं. "मला तर घड्याळच दिसतंय."

"काच दिसतेय ना मावशी? तीच," तडवी म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या कॅमेऱ्याला भिंग लागायचं. भिंग समोरचा प्रकाश गोळा करून नीटनेटकं चित्र उमटवतं. म्हणून कॅमेरा कितीही छोटा केला तरी त्याचा काळा ठिपका कुठेतरी दिसायचाच. हे नवं पटल बिनभिंगाचं. काचेवर वार्निशासारखं पसरलेलं, आरपार दिसणारं. त्यात डोळ्यांना न दिसणारे लाखो कण असतात, आणि प्रत्येक कणावर खोलीतला सगळा उजेड एकत्र कालवून पडतो. एका कणाला काहीच कळत नाही.

"पण जाणकार बाई मिसळीचा एक घास खाते आणि हिच्यात काय काय पडलंय ते सांगते ना?" तडवी म्हणाल्या. "तसं लाखो कणांचे लाखो घास घेऊन गणक आकडेमोड करतो, की हा सोफा, ही खिडकी, हा माणूस. वीज लागत नाही, उजेडावर चालतं. आत बारीकसं सिम असतं."

"म्हणजे माझे फोटो..." उज्ज्वलाबाईंचा आवाज फाटला.

"फोटो नाहीत. 'सांभाळ' नावाची सेवा आहे. ती चेहरा ओळखत नाही, जाहिरातीत त्याचीच फुशारकी असते. नुसती आकृती बघते. बसली, उठली, जेवली, हसली, आणि रोज एक ओळ लिहून पाठवते. पण कायद्याला हे कारण चालत नाही. आकृती बघणं म्हणजेही बघणंच."

मग त्यांनी कायदा सांगितला. घर कुणाच्या नावावर आहे ह्याला किंमत नाही. जो त्या घरात राहतो, त्याला विचारल्याशिवाय तिथे डोळा लावता येत नाही. आईवडिलांच्या घरात पोराला नाही, भाडेकरूच्या घरात मालकाला नाही, सुनेच्या खोलीत सासूला नाही. जे टिपलं गेलं ते लावणाऱ्याचं नव्हे, जिला पाहिलं तिच्या मालकीचं. आणि तक्रार करायची की सोडून द्यायचं, हेही तिनेच ठरवायचं. मात्र त्याआधी 'सांगणी' होते. पाहणाऱ्याने पाहिलेल्या माणसासमोर बसून, काय काय पाहिलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. खोटं बोलला तर नोंदींशी ताडून बघता येतं.

"मला सांगणी नको आणि बिंगणी नको," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "हे निखिलचं काम आहे. मी त्याच्या घरातून बाहेर पडले ना, ते त्याला खुपतंय. हे पटल नंतरही चिकटवता येतं म्हणता ना तुम्ही? गणपतीत आला होता. घड्याळाचा सेल बदलून देतो म्हणाला, तेव्हाच लावलं असणार मेल्याने. तक्रार लिहून घ्या."

घड्याळ कुठून आलं ते रोहिणीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुन्हा पालथं ठेवलं.

"घाई करू नका मावशी. दोन दिवस विचार करा," तडवी म्हणाल्या आणि गेल्या.

उज्ज्वलाबाईंनी मैत्रिणीचा हात धरला. "शेजवळ आता यायचे नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "मघाशी तपासणीत असं असं निघालंय म्हटल्यावर ते चहा अर्धा टाकून उठले. म्हणाले, माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा नको."

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले मिलिंद शेजवळ रोज संध्याकाळी उज्ज्वलाबाईंकडे येत. कॅरम खेळत, बेसूर गात, चहा पिऊन घरी जात. दोघांचं नातं काय होतं? ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपण कोण विचारणारे? रोहिणीबाईंना एवढं दिसत होतं की ह्या माणसामुळे उज्ज्वला दहा वर्षांनी पुन्हा मोठ्याने हसायला लागली होती. आणि आता तिचा चेहरा पार उतरला होता.

*

घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. फोन लावला.

"केदार, तू मला घड्याळ पाठवलंस की डोळा?"

"तुला कसं कळलं?"

"आधी उत्तर दे."

"आई, अगं, अप्पांच्या वेळी काय झालं आठवतंय ना? मला इथे झोप लागायची नाही. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. फोटोबिटो काही नाही त्यात. रोज एक ओळ येते, 'आई आनंदात आहे', 'आज दोन वेळा नीट जेवली'. एवढंच वाचतो मी."

"ती ओळ माझी नाही."

"म्हणजे?"

"मी ते घड्याळ लावलंच नाही. उज्ज्वलामावशीला आहेरात दिलं."

"लावलं म्हणाली होतीस तू!"

"म्हणाले. तू तरी नुसतं घड्याळच म्हणाला होतास ना?"

केदारच्या डोक्यात महिन्यांच्या ओळी उलट्या फिरत असणार. "म्हणजे संध्याकाळी येणारा तो माणूस..." तो पुटपुटला. "आणि ते हसणं... ती मावशी होती?"

"हो."

"आणि तू? तू कशी होतीस तेव्हा?"

हा प्रश्न ऐकायला रोहिणीबाई श्रावणापासून थांबल्या होत्या. पण विचारता विचारताच तो घाबरला आणि पुढचं बोलून बसला. "आई, थांब. मावशीला कळलंय का मी आहे ते? नाही ना? मग सांगू नकोस. प्लीज. सेवा माझ्या नावावर आहे, संमतीच्या जागी तुझ्या वतीने मीच हो म्हटलंय. गुन्हा दाखल झाला तर इथे राहण्याचा परवाना रद्द होतो, नोकरी जाते. मी आजच सेवा बंद करतो, माझं नावही काढून टाकतो. कोणाला कळणार आहे?"

"ती निखिलवर तक्रार करतेय."

"पुराव्याअभावी सुटेल तो."

"आणि मायलेकांचं काय? ते सुटेल पुराव्याअभावी?"

केदार रडायला लागला. चाळिशीला टेकलेला मुलगा रडतो तेव्हा आईचं काय होतं ते निराळं सांगायला नको. त्या रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. गप्प राहिलं तर आपलं पोर वाचतं आणि मैत्रिणीचं जातं. बोललं तर उलट. शिवाय वस्तू घरात आणणाराही कायद्याने जबाबदार, म्हणजे त्या स्वतःही. कोणी म्हणेल, आईने पोराची बाजू घ्यावी, त्यात काय एवढं. पण त्यांना सारखा उज्ज्वलाचा तो उतरलेला चेहरा दिसत होता. निखिलला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. पहाटे उठून त्यांनी केदारला एकच ओळ पाठवली, "मी सांगायला चाललेय, तू तयार राहा." आणि उजाडताच उज्ज्वलाचं दार वाजवलं.

सगळं ऐकून उज्ज्वलाबाई उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "निखिलला मी काल फोनवर काय काय बोलले, माहितीये का तुला? 'तुझं तोंड बघणार नाही' म्हणाले."

"उजू, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? आहेर कोण कपाटातून काढत नाही?" त्यांचा आवाज एकदम चढला. "पण तुझ्या पोराचं चुकलंय! माझ्या घरात मी कशी बसते, कोणाबरोबर हसते, हे माझं आहे. मी मुलाच्या घरातून कशासाठी बाहेर पडले? कुणाला हिशोब द्यावा लागू नये म्हणून! सांगणी होऊ दे. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

*

सांगणी उज्ज्वलाबाईंच्याच हॉलमध्ये झाली. तडवी मॅडम, दोघी मैत्रिणी, आणि टेबलावर उभ्या केलेल्या पडद्यात केदार. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ज्या मावशीच्या हातचे धपाटे खाऊन तो मोठा झाला, तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

"सुरू करा," तडवी म्हणाल्या.

"वैशाखात पहिली ओळ आली, 'आई नव्या जागी रुळते आहे'," केदार म्हणाला. "मला वाटलं, यंत्राला घर नवीन म्हणून तसं लिहिलं असेल. मग रोज यायच्या. सकाळी खिडकीत उभी राहते. दुपारी झोपते. एकदा बराच वेळ जमिनीवर बसून होती."

"माळ्यावरचं सामान आवरत होते," उज्ज्वलाबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "पुढे."

"पुढे... संध्याकाळी पाहुणा येतो. एकच." तो अडखळला.

"आता लाजतोस कशाला? बघताना लाजला नाहीस. बोल."

"पाहुणा असला की हसणं वाढतं, असं असायचं. पहिल्यांदा मला राग आला, मावशी. खोटं नाही बोलत. अप्पांची जागा कोणी घेतंय असं वाटलं. मग वाटलं, मी इथे हजारो मैलांवर बसून तिला काय देतोय? कुणीतरी आहे, ते तिला हसवतंय. मग मला झोप लागायला लागली. 'आई आनंदात आहे' हे वाचून मी दिवा मालवायचो. फोन कमी केले. काळजीचं कारणच उरलं नव्हतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मावशी, मी चोरून बघितलं. पाया पडून माफी मागतो. शेजवळकाकांनाही सांगा."

उज्ज्वलाबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे रोखून पाहिलं.

"माझं झालं सगळं सांगून?"

"हो."

"आता हिचं सांग." त्यांनी रोहिणीबाईंकडे बोट केलं. "हे सगळे महिने तुझी आई कशी होती? काय खात होती? कोण येत होतं तिच्याकडे? श्रावणात काय झालं होतं तिला? मला म्हणाली सर्दी. मी मूर्ख, मी विश्वास ठेवला. पुढच्या वेळी भेटली तेव्हा कंबर धरून जिना चढत होती. तू सांग, तुला काय माहिती आहे?"

केदारने आठवून पाहिलं. पाच-पाच मिनिटांचे फोन आठवून पाहिले. त्यांत सगळीकडे तोच बोलत होता.

"मला काहीच माहिती नाही," तो म्हणाला.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तडवींनी विचारलं, "मावशी, तुमचा निर्णय?"

"सगळ्या नोंदी पुसून टाका. एकाच्या हो म्हणण्यावर दुसऱ्याच्या घरात डोळा विकते, त्या कंपनीवर तक्रार घ्या. शेवटपर्यंत लढेन. ह्या पोरावर नको." उज्ज्वलाबाई उठल्या. "तुला सोडतेय म्हणून मला राग आला नाही असं समजू नकोस, केदार. राग आहे. तो काही दिवस राहील. आधी मी निखिलकडे जाते, मग शेजवळांकडे. दोघांच्याही पायऱ्या मलाच चढायला लागणारेत आता."

तडवी निर्णय नोंदवू लागल्या. रोहिणीबाई इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या एकाएकी म्हणाल्या, "मॅडम, माझीही तक्रार लिहून घ्या."

"तुमची? कोणावर?"

"ह्याच्यावर. माझ्या मुलावर."

"पण मावशी, त्या काचेने तुम्हाला पाहिलंच नाही. ज्याला पाहिलं त्यालाच हक्क असतो."

"मला पाहिलं नाही, हीच तक्रार आहे." त्या म्हणाल्या. "माझ्या घरात डोळा लावला म्हणून मी चिडायला पाहिजे होतं. मला कळलं तेव्हा मी काय विचार केला, सांगू? मी म्हटलं, बरं झालं असतं लावलं असतं तर. मी पडलेली त्याला दिसले तरी असते. लाज वाटते मला सांगायला."

"आई..." पडद्यातून केदार म्हणाला.

तडवींनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्यांचीही आई चोपड्याला एकटी राहत होती, पण हे त्या बोलल्या नाहीत. "ह्याला आमच्याकडे कलम नाही, मावशी," त्या म्हणाल्या. त्यांनी पडदा उचलून रोहिणीबाईंच्या समोर सरकवला आणि स्वतःची खुर्ची मागे घेतली. "ही सांगणी तुम्हीच करा. त्यालाच सांगा."

रोहिणीबाईंनी पदराने डोळे पुसले. सवयीने त्यांच्या ओठांवर "काही नाही रे, तू काळजी करू नकोस" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बुधवार होता," त्या म्हणाल्या. "मी न्हाणीघरात साबण उचलायला वाकले, आणि पाय गेला. ऐकतोयस ना? फार वेळ उठताच येईना मला. मी तुझंच नाव घेऊन ओरडले, किती वेडी बघ."

"ऐकतोय," केदार म्हणाला. "सगळं सांग. मी कुठे जात नाही."

आणि त्या सांगू लागल्या.